नानांचं लाल पेन

ताई,
माझी मुलगी आठवीत आहे, सीबीएसईला. आम्ही लोकमान्य नगरात राहतो. सासरे (घरात सगळे त्यांना नाना म्हणतात) सरकारी नोकरीतून निवृत्त झालेत. त्यांनी मुलीच्या सामाजिक शास्त्राच्या पुस्तकात लाल पेनानं शेरे मारलेत. एका पानावर 'हे अर्धसत्य', दुसऱ्यावर 'मग देवळं कोणी बांधली तेही लिहा'. एवढ्यावर न थांबता पुतण्याची जुनी सातवी-आठवीची पुस्तकं माळ्यावरून काढली आणि जातीच्या धड्याशेजारी लिहिलं, 'आमच्याबद्दल एवढंच?' शाळेत बाईंनी मुलीचं पुस्तक पाहिलं आणि मला भेटायला बोलावलं. माझ्या मिस्टरांनी नानांना सुनावलं, की मोबाइलनं तुमचं डोकं फिरवलंय, उलट नव्या पुस्तकांतच सोयीचा इतिहास भरलाय. बापलेक आता एका वेळी जेवायला बसत नाहीत. त्यात मुलीच्या बंगाली मैत्रिणीनं सांगितलं, की तिची आजी मराठ्यांना 'बर्गी' म्हणते, म्हणजे लुटारू. मुलगी विचारते, 'आई, आपण चांगले होतो की वाईट? नाना खरे की बाबा?' मी कॉमर्सची. राजवाड्यासमोर अहिल्यादेवींचा पुतळा आहे, एवढाच माझा इतिहास. शाळेत काय बोलू आणि घरात काय बोलू?
— एक सून, इंदूर

सूनबाई,

आधी शाळेचं, कारण ती तारीख जवळ आली असेल. जा, आणि बाईंना सांगा की पुस्तक रंगलं त्याचं वाईट वाटतं, पुन्हा होणार नाही. तेवढंच. नानांच्या प्रश्नांबद्दल मात्र माफी मागू नका. चूक लाल पेनाची आहे, प्रश्नांची नाही. मी निवृत्त होईपर्यंत शाळेत इतिहासच शिकवला, आणि लाल पेन ही आमची मक्तेदारी असते, त्यामुळे बाईंचा जीव का जळला ते मला बरोब्बर कळतं. मुलीला एक गोष्ट स्पष्ट सांगून ठेवा: पेपरात पुस्तकातलं लिहायचं. नानांचं उत्तर कितीही बरोबर असलं तरी तपासणाऱ्यासमोर उत्तरसूची असते, नाना नसतात.

आता घरचं. हे जरा लांबेल.

पत्राच्या सुरावरून वाटतं, की नाना चुकले असं तुमच्या घरात ठरून गेलं आहे. माझ्या मते त्यांचं निम्म्याहून जास्त बरोबर आहे. माळ्यावरून त्यांनी काढलेलं ते सातवीचं पुस्तक मी वर्षानुवर्षं शिकवलं. दिल्लीच्या सुलतानांना एक अख्खा धडा, मोगलांना एक अख्खा धडा. मराठे शेवटच्या धड्यात, अठराव्या शतकातल्या सत्तांच्या गर्दीत, राजपूत, शीख आणि जाटांच्या सोबतीनं दीड-दोन पानांत आटोपलेले. इंदूरच्या वाट्याला जेमतेम एखाद-दुसरं वाक्य. माझ्या वर्गातली कितीतरी मुलं राजवाड्यावरून सायकली हाणत शाळेत यायची, आणि हा वाडा बांधणाऱ्या होळकरांचं पुढं काय झालं, हे मला पुस्तक मिटून सांगावं लागायचं.

महाराष्ट्रातल्या वाचकांना यातली बोच चटकन कळणार नाही. त्यांना चौथीत शिवछत्रपतींचं अख्खं पुस्तक असतं. तिकडच्या माणसाला मध्यरात्री उठवून विचारा, पुरंदरच्या तहात किती किल्ले दिले. तो तेवीस म्हणेल आणि कूस बदलून झोपेल. इंदूरच्या मराठी पोरांच्या हातात ते पुस्तक कधी आलंच नाही. ती हिंदीत नाहीतर इंग्रजीत शिकली. शिवाजी महाराज त्यांना भेटले ते आजीच्या तोंडून, कीर्तनातून, गणपतीतल्या नाटुकल्यांतून. घरात ऐकलेल्या गोष्टीला पुस्तकात जागा नाही, हे बारा वर्षांच्या मुलाला समजतं तेव्हा तो काही 'अभ्यासक्रमाच्या मर्यादा' वगैरे समजून घेत नाही. त्याला वाटतं, आपलं काही तितकं महत्त्वाचं नसावं. नानांच्या लाल शाईत ती सल आहे, आणि ती मोबाइलच्या कितीतरी आधीची आहे.

ती फक्त आपल्याकडचीही नाही. कॅलिफोर्नियात २००५-०६ साली सहावीच्या पुस्तकांवरून मोठा वाद झाला. तिकडच्या हिंदू पालकांचं म्हणणं असं, की प्राचीन भारताच्या धड्यात आमच्या धर्माच्या नावावर जात, बायकांचं दुय्यम स्थान आणि विचित्र दिसणारे देव एवढंच उरतं. इतर धर्मांबद्दल लिहिताना जी अदब असते, ती आमच्या वाट्याला येत नाही. पोरांना वर्गात बाकीची मुलं चिडवतात, हेही त्यात होतं. तक्रार रास्त होती. पण सुचवलेल्या काही दुरुस्त्यांत जातीचा विषयच मऊ करायचा प्रयत्न होता, आणि त्याला विरोध करायला अभ्यासकांच्या बरोबरीनं दलित संघटनाही उभ्या राहिल्या. एकाच देशातून गेलेली माणसं, एकाच पानावर दोन वेगळ्या रंगांची पेनं घेऊन.

नानांच्या तिसऱ्या शेऱ्याशी माझं जुळत नाही ते याच ठिकाणी. जुन्या आठवीतल्या त्या धड्यात स्त्रिया, जात आणि समाजसुधारणा हा विषय होता. नानांना विचारा, त्यात कोण कोण आहे? जोतीराव फुले, ताराबाई शिंदे, पंडिता रमाबाई, डॉ. आंबेडकर. घरचीच माणसं की! बाबासाहेबांचा जन्म तर महूचा, तुमच्या घरापासून तासाभरावर. 'आमच्याबद्दल एवढंच?' असं म्हणताना नानांनी 'आम्ही' मध्ये यांना धरलं नाही, त्याचं मला वाईट वाटलं. आणि नाना हरिपाठ म्हणत असतील (त्यांच्या वयाचे बहुतेक म्हणतात), तर हरिपाठ लिहिणाऱ्याला आणि त्याच्या भावंडांना संन्याशाची पोरं म्हणून वाळीत कोणी टाकलं होतं? चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर, पायरीपाशी आहे. आत नाही, बाहेर आहे. ती तिथे का, हे प्रत्येक वारकऱ्याला ठाऊक असतं, आणि तरी तो आधी तिथे डोकं टेकून मग आत जातो. आपल्या परंपरेनं स्वतःचा दोष स्वतः अभंगात सांगितला आहे. पुस्तकानं तो सांगितला तर त्यात अपमान कसला?

अपमान नसला तरी पुस्तकाची चूक आहेच, आणि नानांनी तिथे पेन चालवायला हवं होतं. सातवीत भक्तीच्या धड्यात ज्ञानदेव, नामदेव, तुकोबा, चोखोबांचं कुटुंब अशी सगळी मंडळी होती. आठवीत जात आली ती इंग्रजांच्या काळात, सुधारकांच्या बरोबर. दोन्हींच्या मध्ये धागा नाही. त्यामुळे पोरांचा समज असा होतो, की पाचशे वर्षं सगळे टाळ कुटत होते आणि अन्याय दिसायला आगगाडी आणि इंग्रजी शाळा यावी लागली. मी दरवर्षी फळ्यावर चोखोबा ते बाबासाहेब अशी एक आडवी रेघ काढायचे. त्या रेघेवर परीक्षेत कधी प्रश्न आला नाही.

आता तुमच्या मिस्टरांकडे वळते. पुस्तकाला सरकारचा रंग लागतो, हे त्यांचं निरीक्षण खरं आहे. फक्त तो एकाच रंगाचा असतो असं त्यांनी समजू नये. १९७७ ला जनता सरकार आलं आणि पुढच्या वर्षी इतिहासकार रामशरण शर्मांचं प्राचीन भारतावरचं पुस्तक अभ्यासक्रमातून काढलं गेलं. २००२ मध्ये नवी पुस्तकं आली, २००४ ला सरकार बदललं, २००६ पासून पुन्हा नवी. २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर परत एकदा. प्रत्येक वेळी अकबर तोच, औरंगजेब तोच, पानांची वाटणी वेगळी.

तुमच्या मुलीचं आठवीचं पुस्तक जुलै २०२५ मध्ये आलं. मी मागवून वाचलं. मराठ्यांना स्वतंत्र धडा आहे, त्यात ताराबाई आहेत, अहिल्याबाई आहेत. वाचताना माझे डोळे पाणावले, हे कबूल करते. एवढी वर्षं फळ्यावर लिहीत आलेलं नाव छापलेलं दिसलं. मोगलांच्या क्रौर्याबद्दल आणि देवळं पाडल्याबद्दल मात्र आधीच्या पुस्तकांपेक्षा बरंच उघड लिहिलंय, आणि सोबत एक टीप जोडली आहे, की त्या काळ्या प्रकरणांसाठी आज कोणालाही जबाबदार धरू नये. झालेलं झालं म्हणून लिहायला माझी हरकत नाही. टीपही चांगली आहे. पण तेरा वर्षांची पोरं टिपा वाचतात का, हे कोणत्याही शिक्षकाला विचारा. टीप बाईंनी मोठ्यानं वाचून दाखवली तरच ती वर्गात पोचते.

आणि गंमत ऐका. याच मराठ्यांच्या धड्यातल्या नकाशात जैसलमेर मराठा साम्राज्यात रंगवलं गेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये जैसलमेरच्या राजघराण्यातून जाहीर आक्षेप आला, की मराठ्यांची सत्ता आमच्याकडे कधी नव्हतीच. ही पुस्तकं काढणाऱ्या एनसीईआरटीला आक्षेप तपासायला समिती नेमावी लागली. म्हणजे तिकडेही एक नाना आहेत, आणि त्यांच्या संतापाचं कारण आपण आहोत! हे आपल्या नानांना जरूर सांगा. बहुतेक हसतील.

राहिली तुमची लेक. तिचा प्रश्न या सगळ्यांत अवघड, म्हणून तिला तिच्या वयाच्या मानानं थोडं जास्त सांगा. मुलं पेलतात.

'बर्गी' हा शब्द आपल्याच 'बारगीर' वरून गेला. ज्याला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळायचं तो बारगीर, स्वतःचं आणायचा तो शिलेदार. १७४१ ते १७५१ या दहा वर्षांत नागपूरकर रघुजी भोसल्यांच्या फौजा चौथाईसाठी बंगालवर पुन्हा पुन्हा गेल्या. गावं जाळली, माणसं मारली, बायकांवर अत्याचार केले. मैत्रिणीची आजी खोटं बोलत नाही. बंगालीत एक अंगाईगीत आहे: बाळ झोपलं, आळी निजली, बर्गी देशात आले, बुलबुलांनी धान खाल्लं, आता शेतसारा कुठून भरू? पावणेतीनशे वर्षांनंतरही ते म्हटलं जातं. त्या फौजांचे सरदार होते भास्करपंत कोल्हटकर. १७४२ मध्ये त्यांनी बंगालातल्या कटव्याजवळ मोठ्या थाटात दुर्गापूजा मांडली, आणि ऐन पूजेत नवाब अलिवर्दीखानानं छापा घालून त्यांना पळवून लावलं. दोन वर्षांनी त्याच नवाबानं वाटाघाटीला म्हणून तंबूत बोलावून भास्करपंतांना ठार केलं. त्याच काळातल्या गंगाराम नावाच्या बंगाली कवीनं यावर 'महाराष्ट्रपुराण' रचलं. त्यात सुरुवातीला देवच पापाची शिक्षा म्हणून मराठ्यांना बंगालवर धाडतात. पण हे ब्राह्मण-वैष्णवांनाही मारू लागल्यावर दुर्गा त्यांच्यावर उलटते.

आता हे 'हिंदू' आणि 'मुसलमान' अशा दोन कप्प्यांत बसवून दाखवा. मारणारे देवीची पूजा करणारे, मरणाऱ्यांतही देवीची पूजा करणारे, राखणारा नवाब. नानांनाही जमणार नाही आणि मिस्टरांनाही.

एवढ्या लांब बंगालात कशाला, राजवाडाच बघा. मुलीला विचारा, तो पहिल्यांदा कोणी जाळला? ती मोगल म्हणेल, नाहीतर इंग्रज. १८०१ च्या ऑक्टोबरात सर्जेराव घाटग्यांनी, म्हणजे दौलतराव शिंद्यांच्या सासऱ्यांनी. मराठ्यांनी मराठ्यांचं इंदूर लुटलं. (ग्वाल्हेरच्या वाचकांनी लगेच पत्रं पाठवू नयेत. त्याआधी त्याच वर्षी यशवंतराव होळकरांनी उज्जैनीला शिंद्यांच्या फौजेची काय गत केली होती, ते मला माहीत आहे.)

'आपण चांगले होतो की वाईट' याला तिनं विचारलं तसं उत्तर नाही, आणि तसं तिला सरळ सांगून टाका. भास्करपंत ती नव्हे आणि अहिल्यादेवीही ती नव्हे. मैत्रिणीला मात्र तिनं म्हणावं, की तुझ्या आजीचं खरं आहे, मी वाचलं. दोघींची मैत्री त्यानं तुटणार नाही. 'आमचे असं करणारच नाहीत' म्हणाली असती तर तुटली असती.

आता नाना आणि मिस्टर. त्यांना शंभर पानी एक वही आणून द्या. पुस्तकावर कोणी काही लिहायचं नाही. नानांना पटत नाही ते त्यांनी वहीत उतरवायचं, पान क्रमांक घालून, आणि पुढे एकच प्रश्न: 'हे कशावरून?' मिस्टरांनी उत्तर शोधायचं. त्यांना नव्या पुस्तकातलं जे खटकतं त्यालाही तोच प्रश्न, आणि तिथे शोधायचं काम नानांचं. फॉरवर्ड आलेला संदेश पुरावा म्हणून चालणार नाही, वर्तमानपत्रातला लेखही नाही. वही जेवणाच्या टेबलावर राहील. बोलत नाहीत ना? लिहू द्या.

पहिलं पान मीच भरून देते. अहिल्याबाई. १७६७ पासून १७९५ पर्यंत महेश्वरातून कारभार. काशीचं विश्वनाथ मंदिर १७८०, सोमनाथचं देऊळ १७८३, गयेचं विष्णुपद १७८७. नानांच्या 'देवळं कोणी बांधली' याचं उत्तर. खर्च खासगीतून, दौलतीच्या तिजोरीतून नाही. होळकरशाहीत हे दोन हिशेब वेगळे असत. आणि त्या किती न्यायी होत्या हे इंग्रजी वाचणाऱ्या जगाला पहिल्यांदा कोणी सांगितलं? जॉन माल्कमनं. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपुरात होळकरांची फौज ज्या इंग्रजांनी मोडली, त्यांच्यातला हा सेनापती. नंतर माळव्यात कारभार पाहताना त्यानं लोकांकडून आठवणी गोळा केल्या आणि १८२३ साली छापल्या. शत्रूनं केलेली स्तुती म्हणून ती वजनदार. पण तोच माल्कम त्याच पुस्तकात लिहितो, की इंग्रज येण्याआधी माळव्यात नुसती बजबजपुरी होती. हे सांगण्यात कोणाचा फायदा होता? एकाच माणसाचं एक वाक्य का उचलायचं आणि दुसरं का दोनदा तपासायचं, यावर नाना आणि मिस्टर दोघांनी अर्धं अर्धं पान लिहावं. मुलीनं वाचून मार्क द्यावेत. त्यासाठी लाल पेन तिला द्या.

एखाद्या रविवारी उज्जैनला जा, पण महाकाल करून लगेच परत फिरू नका. वेधशाळेत जा. जुन्या भारतीय ज्योतिषात रेखांश मोजायचे ते उज्जैनीपासून, जसे आज ग्रीनिचपासून मोजतात. हे कुठल्याही हिंदू घरातल्या पोराला कळलं तर छाती फुगावी असं आहे, आणि फुगू द्या. मग सांगा, की ही वेधशाळा बांधणारा सवाई जयसिंग मोगलांचा माळव्याचा सुभेदार राहिलेला, आणि त्यानं तयार करवलेली ग्रहतारांची कोष्टकं बादशहा मुहम्मदशहाच्या नावानं आहेत. त्या दगडी घड्याळाच्या सावलीशी उभं राहून नानांनी आणि मिस्टरांनी भांडावं. तिथे ऊन इतकं लागतं, की भांडण फार वेळ चालत नाही.

वहीचं मिस्टरांनी सांगू नये, तुम्ही सांगा. मुलानं सांगितलं की बापाला ती शिकवण वाटते, सुनेनं सांगितलं की विनंती. एवढंच म्हणा: 'नाना, तुमचं म्हणणं खरं आहे, पण पुस्तक तिचं आहे.' पहिला भाग आधी म्हणा. उलटा क्रम केलात तर दुसरा दिवस फुकट जाईल.

आणि त्या बंगाली आजींना माझं एक काम सांगाल? ते अंगाईगीत त्यांच्याकडून चालीसकट ऐकून घ्या, जमलं तर मुलीकडून लिहवून घ्या आणि मला पाठवा. मला त्याच्या पहिल्या दोनच ओळी येतात.